आम्ही पास आउट झालो, चक्कर येऊन पडलो नाही

मोबाइल उघडला की कुणी ना कुणी आपलं इंग्रजी सुधारायला टपून बसलेलं असतं. कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरला चिमुकला माइक आणि समोरचा अडाणी असल्याची पूर्ण खात्री. ‘आय पास्ड आउट इन २०१९ असं म्हणताय? थांबा! याचा अर्थ तुम्ही २०१९ साली बेशुद्ध पडलात!’ मग डोळे फिरवून मान टाकल्याचा अभिनय, मागून रेकॉर्ड केलेलं हसू आणि शेवटी प्रसाद: ‘म्हणा, आय ग्रॅज्युएटेड.’ हाच प्रसाद प्लेसमेंटच्या तयारीवर्गांत मिळतो, ‘भारतीयांच्या हास्यास्पद चुका’ छापाच्या पुस्तिकांत मिळतो आणि दोन वर्षं न्यू जर्सीत काढून आलेल्या आतेभावाकडून लग्नाच्या पंगतीतही मिळतो. आता तर इंग्रजी शिकवणारे प्राध्यापकही तो वर्गात वाटतात.

विनोद नुसता शिळा असता तरी चाललं असतं. पण त्यात सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी आहे.

आधी या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच जोमात मांडू, नाहीतर आम्ही सोयीचं तेवढंच घेतलं असं म्हणतील. ‘पास आउट’चा अर्थ एकच, शुद्ध हरपणे. शिक्षण पुरं करणे हा अर्थ भारतीयांनी अज्ञानापोटी जुळवला. खऱ्या इंग्रजाच्या तोंडी तो येणं शक्य नाही. त्यासाठी शुद्ध शब्द आहे ‘ग्रॅज्युएट’. आणि हे सुधारलं नाहीत तर साहेबासमोर, परदेशात, चारचौघांत तुमचं हसं होईल. घाबरलात? मग आमचा तीन महिन्यांचा कोर्स आहेच.

एकच अर्थ? इंग्रजीत क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असं शेपूट लागलं आणि त्याला एकच अर्थ उरला, असा चमत्कार क्वचितच घडतो. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच या जातीच्या क्रियापदांबद्दल इशारा देऊन ठेवला होता: शेपूट लागलं की मूळ शब्दाचा अर्थ कुठल्या कुठे जातो आणि परक्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. त्यांची नोंद त्याने म्हणूनच खास काळजीने केली. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव तेव्हा नव्हतं. ते लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रूढ झालं. आमच्या रीलवीरांना नाव पाठ आहे, इशारा तेवढा पोहोचलेला नाही. ‘टेक ऑफ’ घ्या. विमान टेक ऑफ करतं, माणूस कोट टेक ऑफ करतो, कारकून सोमवार टेक ऑफ करतो, नकलाकार पुढाऱ्याला टेक ऑफ करतो. विमानाने उड्डाण केलं हे ऐकून त्याने अंगावरचे कपडे काढले असं कुणाच्या मनात येतं का? आलंच, तर दोष विमानाचा की ऐकणाऱ्याचा?

‘पास आउट’चंही तेच आहे. कुठलाही बऱ्यापैकी ब्रिटिश कोश उघडा. शुद्ध हरपणे हा अर्थ आहे, नाही कोण म्हणतं! त्याच्याच शेजारी लष्करी किंवा पोलिसी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे हा अर्थ आहे. वाटप करणे हाही आहे. अमेरिकेत बाई वर्गात पेपर ‘पास आउट’ करतात आणि एकही पोर जमिनीवर कोसळत नाही. पत्त्यांतलं ब्रिज खेळणारे तर एक चौथा अर्थ सांगतील: चौघांनीही बोली न लावता ‘पास’ म्हटलं की तो डाव ‘पास्ड आउट’.

बरं, हे अर्थ कुणी टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवलेले नाहीत. ‘आउट’ला इंग्रजीत स्वतःचे ठरलेले कामधंदे आहेत. पहिला, बाहेर जाण्याचा: वॉक आउट, मूव्ह आउट. दुसरा, विझण्याचा, नाहीसं होण्याचा: मेणबत्ती गोज आउट, प्राण्यांची जात डाइज आउट, गावातली वीज गेली की ब्लॅकआउट. तिसरा, चौफेर वाटण्याचा: हँड आउट, गिव्ह आउट. आता ‘पास’ला हे तिन्ही ‘आउट’ लावून पाहा. संस्थेच्या दारातून बाहेर गेला तो एक पास आउट. शुद्ध मालवली तो दुसरा. उत्तरपत्रिका वाटल्या तो तिसरा. तिन्ही सख्खे भाऊ, तिन्ही औरस. यातल्या एकालाच वारस ठरवून बाकीच्यांना घराबाहेर काढायचा अधिकार या वर्गवाल्यांना कुणी दिला?

आणि ही सोय काय फक्त इंग्रजीत आहे? आपण मराठीत बिनदिक्कत म्हणतो, ‘मी २०१२ ला कॉलेजातून बाहेर पडलो.’ पडलात? कितव्या मजल्यावरून? फार लागलं का? असं विचारणाऱ्याला आपण पाणउतारा न करता सोडणार नाही. ‘सुटणे’ पाहा. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, पोट सुटतं, तोंडाला पाणी सुटतं, गणित सुटतं आणि आरोपी जामिनावर सुटतो. पाच वाजता शाळा सुटली म्हटल्यावर ती इतके दिवस कुठल्या कोठडीत होती, असं कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरात अशी भाषा उठताबसता बोलली जाते, त्यांनी इंग्रजी क्रियापदाला दोन अर्थ दिसताच घाबरून किंचाळावं, याचं नवल वाटतं.

दुसरा आरोप जास्त मजेशीर आहे. म्हणे हा अर्थ भारतीयांनी बनवला. विन्स्टन चर्चिल भारतीय होते ही माहिती माझ्यासाठी नवीन आहे. हे गृहस्थ सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्या खेपेला आत गेले आणि १८९४ च्या अखेरीस तिथून बाहेर पडले. १९३० साली ‘माय अर्ली लाइफ’ हे आत्मचरित्र लिहिताना या बाहेर पडण्याला त्यांनी कोणतं क्रियापद वापरलं? हेच, ‘पास आउट’. शिवाय दीडशेच्या तुकडीत आपण आठवे आलो, अशी फुशारकीही मारली आणि तुकडीला शब्द वापरला ‘बॅच’. तोही आपल्याकडे गावंढळ ठरवला जातो. बेशुद्ध पडण्याचा अर्थ तोवर इंग्रजीत रुळला होता. चर्चिलसाहेबांची मद्याशी मैत्रीही जगजाहीर होती. तरीही आपण सँडहर्स्टमध्ये पिऊन आडवे झालो असं वाचक समजतील, ही भीती त्यांना शिवली नाही. पुढे त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. आमच्या वर्गवाल्यांनी मात्र त्यांना प्राथमिक फेरीतच बाद केलं असतं.

(हेच चर्चिल १८९६ मध्ये पलटणीबरोबर हिंदुस्थानात आले, तेव्हा मुंबईच्या ससून गोदीत बोटीतून उतरताना भिंतीतली लोखंडी कडी धरायला गेले आणि त्यांचा खांदा निखळला. त्या दुखण्याने त्यांना जन्मभर छळलं. म्हणजे पडापडीचा मान आपल्या मुंबईला मिळाला, सँडहर्स्टला नाही.)

इतकं लांब तरी कशाला? पुण्याच्या हद्दीवर खडकवासल्याला या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास, तीन वर्षं घासून निघालेली तुकडी खेत्रपाल मैदानावर संचलन करते. मैदानाला ज्यांचं नाव आहे ते अरुण खेत्रपाल पुण्यातच जन्मले, याच प्रबोधिनीतून गेले आणि १९७१ च्या युद्धात रणगाड्यात लढताना कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. संचलनाच्या शेवटी तुकडी संथ पावलांनी क्वार्टर डेकवरून पुढे जाते. त्या चालीला ‘अंतिम पग’ म्हणतात. या सोहळ्याचं अधिकृत नाव काय? पासिंग आउट परेड. ३० मे २०२५ ला इथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. देशभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘पास्ड आउट’ हेच शब्द वापरले. त्या सतराजणी भोवळ येऊन पडल्या, असं वाचून कुणी प्रबोधिनीच्या दवाखान्यात चौकशीला गेलं होतं का? नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतला असाच सोहळा आपण छापताना ‘दीक्षांत संचलन’ म्हणतो. पण उपनिरीक्षकाच्या घरी जाऊन विचारा, आई अभिमानाने सांगेल, ‘पोराचं पासिंग आउट झालं.’

आणि गंमत अशी की मे महिन्याच्या उन्हात तासन् तास ताठ उभं राहून एखाद्या जवानाला खरोखरच घेरी येऊ शकते. जगभरच्या परेड मैदानांवर असं होतं. म्हणजे पासिंग आउट परेडमध्येच एखादा पास आउट होतो. दोन्ही अर्थ एकाच मैदानावर, एकाच मिनिटाला. गोंधळ होतो? स्ट्रेचर घेऊन धावणाऱ्याला कुणाकडे धावायचं ते बरोबर कळतं.

इथे एक बारीक युक्तिवाद पुढे येईल: सैन्यापोलिसांत ठीक आहे हो, पण इंग्लंडातला साधा पदवीधर स्वतःबद्दल असं म्हणत नाही. खरं आहे, नाही म्हणत. छावणीतला शब्द आपण कॉलेजात आणला, आयटीआयमध्ये आणला, दहावीच्या वर्गात आणला. मग? शब्द एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात, यात बातमी कसली? आणि इंग्लंडातला पदवीधर काय म्हणतो तेही ऐकून घ्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजची जुनी मंडळी शिक्षण संपवून निघाली की ‘गो डाउन’ करतात, म्हणजे खाली जातात. कुणाला हाकलून दिलं तर तो ‘सेंट डाउन’. दोन्ही गावं कुठल्या डोंगरमाथ्यावर नाहीत. केंब्रिज तर तळहातासारखं सपाट आहे. तरी त्यांचं खाली जाणं ही परंपरा आणि आपलं बाहेर पडणं हा गावंढळपणा!

आता त्या सोवळ्या ‘ग्रॅज्युएट’कडे येऊ. याच शब्दाचा इतिहास या मंडळींनी वाचला असता तर जीभ चावली असती. मुळात ग्रॅज्युएट करायचं ते विद्यापीठाने. विद्यापीठ पदवी देणार, विद्यार्थी घेणार. म्हणून जुन्या इंग्रजीत ‘ही वॉज ग्रॅज्युएटेड’ असंच म्हणत. एकोणिसाव्या शतकात लोक सर्रास ‘ही ग्रॅज्युएटेड’ म्हणू लागले, तेव्हा तिकडच्या शुद्धतावाद्यांनी असाच गळा काढला होता: मुलगा स्वतःच स्वतःला पदवी देतो की काय! लोकांनी ऐकलं नाही. आता हीच ‘चूक’ शुद्ध ठरली आहे आणि नवे सोवळे ‘ग्रॅज्युएटेड कॉलेज’ या त्याच्याही पुढच्या रूपावर नाकं मुरडत बसले आहेत. म्हणजे जे वाक्य आपल्याला गंगाजल म्हणून पाजलं जातं, ते काल-परवापर्यंत बाटलेलंच होतं.

त्याहून मोठी अडचण इथली आहे. अमेरिकेत बारावी झालेलाही ‘ग्रॅज्युएट’ होतो. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर, आणि पदवीधर ही नुसती बोलायची गोष्ट नाही. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. पदवी मिळून तीन वर्षं झाल्याशिवाय त्या यादीत नाव लागत नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘पदवीधर’ लिहिलं असेल तर डिप्लोमावाल्याचा अर्ज छाननीतच बाजूला पडतो. अशा देशात फिटरचा ट्रेड केलेल्या मुलाने ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणावं?

म्हणावं लागतं. एका तालुक्याच्या गावी तंत्रनिकेतनात मुलाखतीच्या सरावाला मला पाहुणा म्हणून बसवलं होतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला एक मुलगा समोर आला. फुल बाह्यांचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. ‘सर, आय पास्ड आउट इन २०२२,’ एवढं म्हणाला असेल, तोच शहरातून आणलेले प्रशिक्षक म्हणाले, ‘ओह! देन हू स्प्रिंकल्ड वॉटर ऑन युअर फेस?’ वर्ग हसला. मुलगाही हसला, कसनुसा. त्यानंतर विचारलं तेवढंच, हो-नाहीत सांगून तो उठला. बाहेर व्हरांड्यात त्याने मला मोबाइलवर फोटो दाखवले. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षं पॅनेल वायरिंगचं काम करत होता. स्टार-डेल्टा स्टार्टरचा अख्खा पॅनेल एकट्याने उभा केला होता. मोटर आधी स्टारमध्ये का सुरू करायची, सुरुवातीचा करंट त्याने कसा आवाक्यात राहतो, मग टायमर ती डेल्टावर कशी टाकतो, हे तो मराठी-इंग्रजीची खिचडी करत झरझर सांगत होता. फोटोतल्या वायरी सरळ रेषेत, प्रत्येकीवर नंबरची फेरूल. यातलं आत एक अक्षरही निघालं नव्हतं. वरून, तो उठून निघताना प्रशिक्षकांनी त्याला सुधारलं होतं, ‘से, आय ग्रॅज्युएटेड.’ न मिळालेली पदवी लावून घ्यायला शिकवणाऱ्यांनी त्याच्या खऱ्या बोलण्यावर हसावं, ही कुठली सॉफ्ट स्किल्स?

आणि ज्या कंपन्यांच्या भीतीने हे चालतं, त्या काय लिहितात? त्यांच्याच जाहिराती पाहा: ‘ओन्ली २०२४ अँड २०२५ पासआउट्स.’ त्यांच्याच अर्जात रकाना असतो ‘इयर ऑफ पासिंग’. इंग्रजीत ‘पासिंग’ म्हणजे निधन, हेही कोशात आहे बरं का. मग वर्गवाल्यांच्या न्यायाने त्या रकान्यात उमेदवाराने काय भरायचं, पुण्यतिथी? आपल्या विद्यापीठांचं पासिंग सर्टिफिकेट म्हणजे मृत्यूचा दाखला? एमएच १२ पासिंगची गाडी पुण्यात वारलेली असते? शेंडी एकदा धरलीच आहे तर मुळापर्यंत उपटा की.

राहिलं हसं होण्याचं. इंग्रज माणूस रात्री हॉटेलच्या पोऱ्याला ‘सकाळी सहाला मला नॉक अप कर’ म्हणतो, म्हणजे दार ठोठावून उठव. इंग्लंडच्या गिरणगावांत लांब काठीने खिडक्या ठोकून कामगारांना उठवणारे ‘नॉकर-अप’ पैसे घेऊन हेच काम करत. टेनिसपटू सामन्याआधी जो हात मोकळा करतात, तोही नॉक अप. अमेरिकेत हाच शब्दप्रयोग बाईला गरोदर करणे या अर्थी चालतो, तोही टपोरी भाषेत. यावरून दोन्हीकडे खो खो हसतात. पण लंडनच्या कुठल्या शिकवणीत ‘नॉक अप म्हणू नका, अमेरिकन हसतील’ असं शिकवतात का? तिथे हसणारा अमेरिकन हा इंग्लंडची रीत न कळलेला पाहुणा ठरतो. इंग्रज भांडी घासतो ते ‘वॉश अप’. अमेरिकन हाततोंड धुतो ते ‘वॉश अप’. दोघांचंही शुद्ध. आपल्या शब्दप्रयोगावर कुणी हसला की मात्र आपणच आधी कान पकडतो. हसणारा साता समुद्रापलीकडे आणि त्याच्या वतीने हसायला आपल्याच गल्लीतला माणूस उभा, तेही फी घेऊन.

एवढं मात्र मान्य: शिकागोतल्या माणसाशी फोनवर बोलताना त्याला चटकन कळावं म्हणून ‘आय कंप्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणावं. नागपूरचा माणूस पुण्यात येऊन ‘करून राहिलो’ जरा आवरतो, तितकाच हा मामला. तो समोरच्याचा मान झाला. त्यावरून नागपूरची मराठी चुकीची ठरत नाही, आणि ‘पास आउट’ही ठरत नाही.

म्हणून व्हरांड्यातल्या त्या मुलाला मी जे म्हणालो तेच सगळ्या वर्गवाल्यांच्या तोंडावर म्हणतो. ‘आय पास्ड आउट इन २०२२’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थाने नेमकं आहे, सँडहर्स्ट ते खडकवासला असं त्याचं खानदान आहे, आणि आयटीआयपासून अभियांत्रिकीपर्यंत सगळ्यांना एका पंगतीत बसवण्याची जी ताकद त्यात आहे ती तुमच्या ‘ग्रॅज्युएट’मध्ये नाही. ज्यांना अजूनही ते बेशुद्धीचं लक्षण वाटतं, त्यांनी पुढच्या परेडला खडकवासल्याला अवश्य जावं. खिशात एक कांदा न्यावा, तुकडी क्वार्टर डेकवरून बाहेर पडत असताना तो फोडावा आणि सगळ्यात पुढच्या कॅडेटच्या नाकाला लावून दाखवावा.